मघा अडतीस मैल चुकते

२९ मार्च

जावईबापू,

मुलीनं तुम्हाला पसंत केलं तेव्हा मी गप्प बसलो. चष्मे विकणारा माणूस निदान संध्याकाळी वेळेवर घरी येईल, अशी मनाची समजूत घातली. आता ती कळवते की तुम्ही दोघं एकतीस फुटी होडीतून महासागर ओलांडणार. वा! तलावात बदकांना वाट द्या वाट द्या करत शिडं शिकलेला माणूस महासागरावर निघालाय. बदकांना कळवलंत का?

तिची मला काळजी नाही. त्या होडीतली फळी न् फळी तिनं गोदीत स्वतःच्या हातानं बसवली आहे. वारा तिला कळतो, शीड कळतं. आकडे मात्र लहानपणापासून कच्चे. म्हणजे होडी पाण्यावर नेमकी कुठं आहे हे सांगायचं काम तुमच्याकडे आलं. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

तिनं मला शब्द दिलाय की बाबा हो म्हणाले तरच दोर सोडीन. जूनचा पहिला आठवडा उलटला की वारा फिरतो, मग पुढचं वर्षभर थांबायचं. तेव्हा माझ्या हो-नाहीला काय किंमत आहे ते डोक्यात ठेवा आणि पुढचं वाचा.

एक एप्रिलला तुमची होडी कागदावर निघेल. ती रोज कुठं आहे ते मी ठरवणार आणि लिहून माझ्या खणात ठेवणार. त्या जागेवरून तारा किंवा सूर्य क्षितिजाच्या किती वर दिसेल ते कोष्टकांवरून काढून तेवढंच तुम्हाला कळवणार. तुम्ही उलटं गणित करायचं. प्रत्येक उंचीची नकाशावर एक रेषा पडते. ती माझ्या होडीच्या पाच मैलांच्या आत गेली पाहिजे. तीन रेषा चुकल्या की माझं उत्तर ‘नाही’. खिशातल्या यंत्रात जागा आयती दिसते वगैरे मला सांगू नका. यंत्र भिजतं. आणि फोन करू नका. फोनवर माणूस थापा मारतो, कागदावर मारायला धजत नाही.

मी अजून चष्मा लावत नाही हेही सांगून ठेवतो. एक भिंग, उजवा डोळा, डावा मिटलेला, चाळीस वर्षं ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट धरला तसा. तुमच्या दुकानाची पायरी चढायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

सोबत चार तारखेच्या संध्याकाळचे तीन तारे: प्रश्वा, व्याध आणि मघा.

कळावे. कळत असेल तर.

कप्तान


६ एप्रिल

कप्तानसाहेब,

पत्र दुकानात उघडलं. समोर एक बाई तपासणीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलताना माझा हात दोनदा चुकला, इतकं तुमचं पत्र प्रेमळ होतं. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, सासऱ्यांचं पत्र आहे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनाही सासरे असावेत.

तलावाबद्दल तुम्ही बोलताय, पण कधी त्यात उतरलात का? चारी बाजूंना टेकड्या, वारा दर पाच मिनिटांनी दिशा बदलतो. मोठ्या जहाजाच्या काचेच्या खोलीत कॉफी पीत उभं राहणाऱ्यांना ते कळायचं नाही. बदकं मात्र तुमच्यापेक्षा सभ्य आहेत हे खरं.

आता तारे. फ्रेमा ठेवायच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा गणित करतो. प्रश्वा आणि व्याध छान जमले, दोन्ही रेषा एकमेकींना स्वच्छ छेदतात. मघाची रेषा त्या छेदापासून अडतीस मैल लांब पडते. मी तीनदा केलं. तीनदा अडतीस. माझं काय चुकतंय ते दाखवलंत तर मी शिकेन. मला शिकायची लाज नाही.

तुमची लेक खुशाल आहे. आजचा सबंध दिवस तिनं शिडाचा मस्तूल बसवायच्या खाचेचं काम करत पालथं पडून घालवला. मी दोघांच्या मध्ये बोलणार नाही, असं तिनं बजावलंय.

आपल्यात लोभ नाही, तेव्हा तो वाढवावा असं लिहीत नाही.

चष्मेवाला


११ एप्रिल

जावईबापू,

मी खण उघडला, माझा कागद काढला, आणि हसू आवरेना. प्रश्वा बरोबर. व्याध बरोबर. आंधळ्यालाही सापडतो तो व्याध. आणि मघा अडतीस मैल! अहो, माझ्या हाताखाली एक खानसामा होता, तो कांदे चिरता चिरता ह्याहून जवळची जागा सांगायचा.

चूक काय म्हणून मलाच विचारता? ती शोधणं हीच परीक्षा आहे. उद्या पाण्यावर चुकलात तर कुणाला पत्र पाठवणार, माशांना? बहुतेक बेरजेत हातचा विसरला असाल. दुकानदाराला गिऱ्हाइकाची बेरीज करताना बरा विसर पडत नाही.

पहिली चूक धरली. पुढचा आठवडा सकाळच्या सूर्यावर काढा, वीस तारखेपर्यंतच्या उंच्या सोबत आहेत. सूर्य एकच असतो, तेव्हा चुकीचा तारा पकडायची भीती नाही. मोठी सवलत देतोय, उपकार मानायची गरज नाही.

तिला सांगा, मस्तूल बसवायची घाई करू नकोस.

कप्तान


१७ एप्रिल

कप्तानसाहेब,

हातचा विसरलेलो नाही. कागद पुन्हा तपासला. तुमचा टोमणा लागला म्हणून एका निवृत्त गणिताच्या बाईंनाही दाखवला. त्या चष्मा बदलायला आल्या होत्या. त्यांनी बेरीज-वजाबाकी अर्ध्या तासात तपासली आणि म्हणाल्या, ह्यात चूक नाही, हस्ताक्षर मात्र भयंकर आहे.

तरी मघा अडतीसवरच.

अकरा, तेरा, पंधरा ह्या तीन सकाळचे सूर्य सोबत जोडले आहेत.

एक कबूल करतो. आता कोष्टकाचं पुस्तक उघडायची भीती वाटते, एकेक आकडा चार चारदा ताडतो. लेक समोर बसून शिडाला टाके घालते, मी गणित करतो, आणि मधेच ती नुसतीच माझ्याकडे बघते. सात वर्षं झाली आमच्या लग्नाला. ती तीन वर्षं ही होडी बांधतेय. माझ्या एका बेरजेपायी तिचं जाणं राहिलं तर तिला तोंड कसं दाखवू, हा प्रश्न मला तुमच्यापेक्षा जास्त छळतो. तुम्ही मात्र मजेत आहात. दुसऱ्याला बुडताना बघायचा तुम्हाला भारीच शौक दिसतो, कप्तान माणसाला तो शोभत नाही.

चष्मेवाला


२५ एप्रिल

जावईबापू,

तिन्ही सूर्य बरोबर. मला वाईट वाटलं. वाटलं, माणूस सुधारला, आता हो म्हणावं लागतंय की काय! पण तुम्ही माझी निराशा करणाऱ्यांतले नाही. वीस तारखेच्या सूर्याचं उत्तर मुलीनं मागाहून वेगळ्या पाकिटातून पाठवलं, ते काल मिळालं. पंचेचाळीस मैल. शाबास! तुमची होडी आता समुद्रात नाही, कुणाच्या तरी शेतात उभी आहे. उतरा आणि गाजरं उपटा.

आकाशात एकच सूर्य, तोही तुम्हाला सापडत नाही. गणिताच्या बाई काय म्हणाल्या? की त्यांचा चष्माही तुम्हीच दिलात?

दुसरी चूक. एक राहिली. सोबत अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळची चित्रा आणि दोन मेचा सूर्य आहे. माझ्या लेखी आता हे नुसतं उरकायचं काम.

पोरीला मी तुमच्याइतकाच ओळखतो, थोडा जास्तच. ती पाच वर्षांची असताना मी एकदा अकरा महिन्यांनी घरी आलो, तेव्हा दार उघडून तिनं विचारलं होतं, कोण पाहिजे? म्हणून समुद्र काय काय घेतो ते मला शिकवू नका. भीती वाटते म्हणे! वाटायलाच पाहिजे.

कप्तान


३ मे

कप्तानसाहेब,

दोन मेचा सूर्य सोबत आहे. सकाळी बसून एकटाकी केला, मला तो बरोबर वाटतो. चित्राही जोडली आहे. तिची रेषा होडी असायला हवी तिथून चाळीस मैल पडते, हे मला आत्ताच दिसतंय. तुम्ही लिहाल ते मीच लिहून टाकतो: तिसरी चूक.

पण ‘नाही’ म्हणण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या खणातले कागद पाठवा. नुसती उत्तरं नकोत, उंची कशी काढलीत ते सगळं कच्चं काम. मला माझी चूक बघायची आहे. फाशी देतानाही माणसाला कारण वाचून दाखवतात.

पाठवायला भीती वाटत असेल तर तसं कळवा.

चष्मेवाला


७ मे

भीती? मला?

हे घ्या. नऊच्या नऊ कागद. भिंतीवर चिकटवा, काउंटरच्या काचेखाली ठेवा, गिऱ्हाइकांना दाखवा. गणित कसं मांडतात, अंक कसे लिहितात, ते बघून तरी घ्या.

माझं उत्तर ‘नाही’. पोरीला आजच वेगळं पत्र टाकलं आहे. दोन मेचा सूर्य बरोबर आला, पण त्याचा आता काही उपयोग नाही.

कप्तान


१२ मे

कप्तानसाहेब, दर्यावर्दी, गणितमहर्षी, खानसाम्याचे गुरू,

आपले नऊ कागद मिळाले. आपण म्हणालात तसे ते काचेखाली ठेवले आणि माझं कोष्टकाचं पुस्तक शेजारी उघडून एकेक आकडा ताडून पाहिला. अक्षर सुंदर. मांडणी देखणी. बेरजा बिनचूक. आणि आकडे? अहो, आकडेच चुकीचे उतरवलेत!

मघा. डावीकडच्या समासातला अंश बरोबर धरलात. त्या ओळीनं उजवीकडे सरकत गेलात आणि वरच्या ओळीतला आकडा उचललात. एक ओळ वर! कोष्टकात एक ओळ म्हणजे पाण्यावर अडतीस मैल. वीस तारखेचा सूर्य, तेच. एक ओळ वर. चित्रा, तेच. उंची तुम्हीच चुकीची काढलीत, तीच मला पाठवलीत, आणि मी बरोबर गणित करून चुकीच्या जागी पोचलो म्हणून माझी सालटी काढलीत.

चाळीस वर्षं तुम्ही जहाजं चालवलीत म्हणे. बंदरं मोठी होती म्हणून सापडली असतील. पहिलीतल्या पोराला ओळीखाली पट्टी धरून वाचायला शिकवतात, तेवढी पट्टी घ्या. माझ्याकडे फुकट मिळते, वर दुकानाचं नाव छापलेलं आहे.

दीड महिना मी स्वतःला मूर्ख समजत होतो. दीड महिना तुमची लेक माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. परवा तुमचं पत्र आल्यावर ती गोदीत गेली आणि बसवलेला मस्तूल काढायला लागली. तीन माणसं लागली उतरवायला. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तुमचं कर्तृत्व.

नऊ रेषांपैकी माझ्या नऊ बरोबर, तुमच्या सहा. तुमच्याच नियमानं तुम्ही नापास. आता मुकाट्यानं ‘हो’ लिहा, आणि तिच्या नावानं लिहा, माझ्या नको.

चष्मेवाला


१५ मे

जावईबापू,

तुमचं पत्र वाचून किळस आली.

मी पुस्तक काढलं. तिन्ही आकडे तीन तीनदा पाहिले. माझे आकडे आहेत तसेच आहेत, अक्षर न् अक्षर. चूक तुमच्या पुस्तकात असेल, नाहीतर तुमच्या डोक्यात. हरलेल्यानं पंचाला शिव्या द्याव्यात हे जुनंच आहे. बायकोसमोर नाक कापलं गेलं म्हणून म्हाताऱ्यावर ढकलता?

‘नाही’ म्हणजे नाही. ह्यावर मला पुन्हा लिहू नका.

कप्तान


१९ मे

कप्तानसाहेब,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय. हे पत्र लेकीनं वाचलेलं नाही. मी तिला काही सांगितलेलंही नाही. आधी तुम्ही वाचा.

तुमच्या पत्रातलं ‘तीन तीनदा पाहिले’ माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही माजोरडे आहात, तोंडाचे फटकळ आहात, माझ्याविषयी तुमच्या मनात काडीचा आदर नाही. पण आकड्याच्या बाबतीत तुम्ही आळशी नाही. तीनदा बघून तीनदा वरचीच ओळ दिसते, तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. दुकान बंद ठेवलं आणि नऊ कागद पुन्हा मांडले. ह्या वेळी जावई म्हणून नाही, माझ्या धंद्याच्या नजरेनं.

कोष्टकाच्या पानावर पंधरा रकाने आहेत. डावीकडे विषुववृत्ताजवळचे तारे, उजवीकडे जाल तसे लांबचे, पंधरा अंश झाले की पान उलटायचं. प्रश्वा डाव्या अंगाला, बरोबर. व्याध पुढच्या पानावर, पण डावीकडेच, बरोबर. मघा आणि चित्रा दोन्ही उजव्या टोकाला, चूक. आणि सूर्य तर बघा. पंधरा एप्रिलपर्यंत तो डावीकडच्या आणि मधल्या रकान्यांत होता, बरोबर आला. वीसला उजव्या टोकाला गेला, चुकला. दोन मेला पुढच्या पानाच्या पहिल्या रकान्यात शिरला आणि पुन्हा बरोबर आला. सूर्याला माझ्याशी वैर नाही. पानाच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, तुम्हाला दिसत नाही. ओळ तिथं गेली की खालून पुसली जाते आणि नजर वरच्या ओळीवर बसते.

हे दुखत नाही. काळंही दिसत नाही. जे गेलंय तिथं डोकं आपल्या मनानं काहीबाही भरतं, म्हणून गेलंय हेच कळत नाही. तुम्ही डावा डोळा मिटून भिंगानं वाचता. एरवी डावा डोळा सांभाळून घेत असेल, पण वाचताना तुम्ही त्यालाच सुट्टी देता. ही सवय नसती तर मलाही पत्ता लागला नसता.

आता एवढं करा. दिवसाउजेडी खिडकीशी बसा. कोष्टकाचं पान हातभर लांब धरा. डावा डोळा तळहातानं झाका. पानाच्या मधोमध एका आकड्यावर नजर रोखा आणि हलवू नका. उजवीकडचा खालचा कोपरा दिसतो का? मग उजवा झाकून तेच करा.

दिसत नसेल तर माझ्याकडे येऊ नका, मी फक्त चष्मे करतो. थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि काचबिंदू आहे का, असं विचारा. आठवडाभरही थांबू नका. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखता येतं.

बारा तारखेचं माझं पत्र फाडून टाका. ते लिहिताना मला भयंकर आनंद होत होता, त्याची आता लाज वाटते. पट्टीचं तर फारच. ती वाक्यं मी एका आजारी माणसाला लिहिली, आणि डोळ्यांचा धंदा माझा.

आम्ही ह्या वर्षी जात नाही. तुमचे डोळे आधी. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचा जावई


२ जून

जावईबापू,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर पालथं ठेवलं होतं. पाचव्या दिवशी खिडकीशी बसलो. डावा डोळा झाकला. मधल्या आकड्यावर नजर रोखली. खालचा उजवा कोपरा नव्हता. पान होतं, कागद होता, त्यावर आकडे नव्हते. उजवा झाकला तर होते. तळहात इकडून तिकडं करत मी तास-दीड तास बसलो असेन. शेजारीण चहा घेऊन आली, तिला वाटलं मी रडतोय. तिचं फार चुकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे एक कोवळी मुलगी. तिनं मला हनुवटी टेकवून बसवलं आणि ठिपके दिसले की बटण दाबा म्हणाली. मला! मी म्हटलं, बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी ठिपके बघतोय. ती म्हणाली, मग दाबा की. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्यात जुना, डाव्यात नुकता सुरू झालेला. दिवसातून दोनदा थेंब, जन्मभर. डावा राहील म्हणते. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच सहा म्हातारे बसले होते, सगळे एकमेकांना हवामान सांगत होते. असल्या लोकांत बसायची माझ्यावर पाळी आली.

आता जे लिहायचं ते लिहितो. पंधरा मेच्या पत्रात मी म्हटलं की तिन्ही आकडे तीन तीनदा पाहिले. पाहिले. मघाचा आकडा तिसऱ्यांदा बघत होतो तेव्हा भिंग हातातून निसटलं. ते उचलताना डावा डोळा उघडा राहिला आणि खालच्या ओळीतला आकडा समोर आला. तुमचा आकडा. मी चित्रा आणि सूर्यही तसेच उघड्या डोळ्यांनी पाहिले. तुम्ही तिन्ही ठिकाणी बरोबर होतात. मग मी डावा डोळा पुन्हा मिटला, ते पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

तुम्ही मला आजारी समजून माफी मागितलीत. तो आजार नव्हता. तुम्ही नापास व्हावं असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तुमची चूक निघाली की बरं वाटायचं, ती जाणार नाही म्हणून. मघा अडतीस मैल चुकली त्या दिवशी मी पोटभर जेवलो. एवढी मोठी चूक प्रश्वा आणि व्याध बरोबर काढणाऱ्या माणसाच्या हातून कशी होईल, हे मला तेव्हाच विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत हाताखालच्या किती तरी थर्ड मेटांना मी शिव्या घातल्या, पण आकडा लपवणाऱ्याला मी जहाजावर ठेवलं नसतं. ह्या वयात तसा माणूस स्वतःच्या घरातच सापडला.

पोरीला हे सगळं काल लिहून कळवलं. तुमच्या पत्रासकट. ती मला काय म्हणेल ते म्हणेल. मस्तूल परत चढवायला सांगितलं आहे. ह्या वर्षी जात नाही वगैरे थोरपणा मला दाखवू नका. थेंब घालायला मला जावई लागत नाही, आणि वारा आणखी पाच-सहा दिवस टिकेल. माझं उत्तर ‘हो’ आहे. तिच्या नावानं आहे आणि तुमच्याही.

सोबतच्या पेटीत माझा सेक्स्टंट आहे. आरशाला बोटं लावू नका. तुमच्या तलावाबद्दलचं माझं मत होतं तेच आहे.

आजवर तुम्हाला पाठवलेल्या प्रत्येक उंचीचं उत्तर माझ्या खणात तयार असायचं. तुम्ही चाचपडायचात आणि मी वर बसून बघायचो. आता खणात काही नाही. पहिल्या संध्याकाळी तारे निघतील तेव्हा होडी कुठं आहे ते मला माहीत नसेल, कुणालाच माहीत नसेल. तुम्ही मोजाल आणि तिला सांगाल, ती त्या दिशेला सुकाणू धरेल. तुम्ही काढाल तेच मी खरं मानून चालणार आहे. माझी एकुलती एक पोर तुमच्याबरोबर आहे. नीट मोजा.